तिसरी प्रत

मंगळवारी दुपारी आडवे अकरा भरताना
पडदा निळा झाला.
निळा म्हणजे आकाश वगैरे नाही,
दवाखान्याच्या भिंतीला असतो तसा.
वर इंग्रजीत दिलगिरी, खाली टक्के,
आणि टक्के शून्यावरून हलेनात.

मी शब्दकोडी करते. मंडळाच्या मासिकासाठी,
अकरा वर्षं, महिन्याला एक.
मानधन म्हणून दिवाळी अंक मिळतो.
सहा हजार शब्द, प्रत्येकाच्या शोधसूत्रासकट,
एकाच यंत्रात भरून ठेवले होते.
लोणच्याच्या बरणीलासुद्धा आपण दादरा बांधतो.

सिल्व्हर मॉलमध्ये इमरोजने पेटी उघडली,
धूळ फुंकली. "दीदी, डिस्क की आवाज़ सुनो."
ऐकला. टिक. टिक. थांबून टिक.
पलीकडच्या खोलीत कुणी सुपारी कातरत असावं.
"सब उड़ाना पड़ेगा. बोलो, क्या-क्या बचाना है?"

इतकं सरळ मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, सगळं.
तो हसला. म्हणाला, सगळं असं कुणालाच आठवत नसतं,
लोक तीन दिवसांनी परत येतात,
तोंड एवढंसं करून.

मग मी बाकावर बसून आठवत राहिले.
नवीन फोल्डर. नवीन फोल्डर दोन.
अंतिम. अंतिम खरं.
अंतिम खरं श्रीकर.
ते भावाच्या पन्नाशीसाठी केलेलं होतं,
उभं-आडवं त्याच्याच खोड्यांनी भरलेलं.
छापून, सुरळी करून, रिबीनसुद्धा आणली होती.
मग प्लॉटच्या सहीवरून जे झालं ते झालं.
रिबीन अजून शिवणाच्या डब्यात आहे.

नवी प्रणाली चढू लागली.
अकरा वर्षं माझ्या बोटांखाली असलेलं यंत्र
विचारू लागलं: देश कोणता? भाषा कोणती?
तुमचं नाव?
ते टाइप करताना उगाच लाज वाटली.
आडनावात ळ आहे. तो सापडेना.
"ये वाला अक्षर किस काम का?" इमरोजने विचारलं.
त्याला काय सांगू, भिया,
वेळ, काळ, बाळ, केळं,
आमचं निम्मं घर त्याच्यावर उभं आहे.

चार हजारांवर शब्द परत आले.
सूत्रं नाहीत आली.
उत्तरांची नुसती रास, आणि
ही कशाची उत्तरं, ते मलाच ठाऊक नाही.
'परात' का लिहिलं होतं मी? 'निरोप' कशासाठी?
एक फाइल तेवढी अख्खी आली, सूत्रांसह,
नको असलेला पाहुणा वेळेवर येतो तशी.

इमरोजने बोटं मोजून दाखवली.
एक कॉपी मशीन में. एक अलग डिस्क पे, अलमारी में.
तीसरी किसी और के घर.
"आग लगे, चोर आए, तो वो वाली बचेगी.
भरोसे का कोई होगा ना?"

सहाशे रुपये दिले आणि आर.एन.टी. मार्गावर
स्कूटी चालू न करता उभी राहिले.
उभे चार, तीन अक्षरी:
जिथे ठेवून विसरलं तरी चालतं.

रविवारी सुदामानगर. चार वर्षांत
कोपऱ्यावरचं रसवंतीगृह जाऊन तिथे चष्म्याचं दुकान आलंय.
डिस्क जुन्या मोज्यात गुंडाळली होती.
दार त्यानेच उघडलं. केस बरेच पिकलेत.
मोजा हातात घेऊन त्याने वजन केलं, भाजीवाल्यासारखं.
"गरम होतं का हे? फ्रिजवर ठेवू?" वहिनी.
"नको, कपाटात."
त्याने विजेच्या बिलांच्या खणात सरकवलं.
आत काय आहे, विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

"दर महिन्याला बदलावी लागेल," मी म्हटलं,
"पहिल्या रविवारी."
तो कॅलेंडरकडे बघत राहिला.
"पहिल्या रविवारी मी घरी नसतो."
"असतात," आतून चहा गाळत वहिनी म्हणाली.